जुनी बॉडी, नवं इंजिन : तुटवड्याच्या काळातला एक न लिहिलेला इतिहास

गाडीच्या आरसी बुकात दोन नंबर असतात. एक चेसिसचा, दुसरा इंजिनचा. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा हे दोन्ही नंबर जोडीनं लिहिले जातात आणि गाडी भंगारात जाईपर्यंत ही जोडी टिकावी, अशी सरकारची अपेक्षा असते. स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच दशकांत भारतात ही जोडी किती वेळा मोडली, याची कुठेच मोजदाद नाही. चेसिस एका देशाची, इंजिन दुसऱ्याचं, गिअरबॉक्स तिसऱ्याचा, अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावल्या. त्यांनी लग्नाची वऱ्हाडं वाहिली, आजारी माणसं दवाखान्यात पोचवली, टॅक्सीवाल्यांची घरं चालवली.

मोटारींचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो उद्योगपतींचा. वालचंद हिराचंद, बिर्ला, महिंद्र यांच्यावर पुस्तकं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण जुन्या गाडीत नवं, जास्त ताकदीचं इंजिन बसवण्याच्या कामाचा इतिहास मात्र कुणी मांडलेला नाही. मला तो मांडावासा वाटतो, कारण त्यात आपल्या अर्थव्यवस्थेचं एक खरं चित्र दडलेलं आहे. शिवाय ज्यांच्या हातून हे काम झालं त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत.

हौस आणि गरज

इंजिन बदलण्याचा विषय निघाला की अमेरिकेचं नाव आधी येतं. फोर्डनं १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन दिलं. कॅलिफोर्नियातली तरुण मुलं हे इंजिन जुन्या, हलक्या फोर्ड गाड्यांत बसवून कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर शर्यती लावू लागली. पुढे १९५५ मध्ये शेवरोलेचं आटोपशीर आणि हलकं आठ सिलिंडरचं इंजिन आलं. मग तर जुन्या गाडीत हेच बसवायचं, असा रिवाजच पडला.

या हौसेमागे सुबत्ता होती. तिथल्या भंगारवाड्यात चालू स्थितीतली इंजिनं पडून असत, पेट्रोल स्वस्त होतं आणि पोरांच्या हातात वेळ होता. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. आपली गोष्ट क्युबाच्या जास्त जवळची आहे. अमेरिकेनं व्यापारबंदी घातल्यावर तिथल्या पन्नाशीतल्या शेवरोले आणि ब्युइक गाड्यांना सुटे भाग मिळेनात. मग क्युबातल्या मिस्त्रींनी त्यांच्यात मिळेल ते, बऱ्याचदा सोव्हिएत बनावटीचं इंजिन बसवलं आणि त्या चालत्या ठेवल्या. भारतावर कुणी बंदी घातली नव्हती. आपण आपली वाट आपणच निवडली होती, पण गॅरेजपर्यंत पोचलेला तिचा परिणाम बराचसा तसाच होता.

अनाथ झालेल्या गाड्या

जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजानं यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसती जोडणी करून चालणार नाही, भारतात उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनीच इथे राहावं. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. फोर्डही गेली.

धोरण म्हणून या निर्णयाची बाजू मांडता येते. देशी उद्योग उभा राहायचा तर बाहेरच्या मालाला आळा घालावाच लागतो. पण जी गाडी आधीच विकली गेली होती, तिच्या मालकाचं काय? दारात शेवरोले उभी आहे, तिचं इंजिन झिजलं आहे, पिस्टन मिळत नाही, आयातीचा परवाना मिळत नाही. नव्या गाडीसाठी नंबर लावायचा तर वर्षानुवर्षं वाट पाहायची. गाडीचा पत्रा मात्र जाड, चेसिस दणकट. अशा वेळी माणूस गाडी फेकून देत नाही, तिला दुसरं इंजिन शोधतो.

त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव साधारण चौपट झाला. सहा-आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाड्या पेट्रोल प्यायच्या. डिझेलचा दर सरकारनं मुद्दाम कमी ठेवला होता. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सच्या परवान्यानं डिझेल इंजिनं बनवत होती. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीज घराण्याचं डिझेल इंजिन येऊ लागलं. ही इंजिनं जुन्या शेवरोले, डॉज, जीप आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांच्या बोनेटखाली गेली. इम्पालासारखी लांबलचक, राजेशाही गाडी टेम्पोच्या आवाजात धडधडत जाताना पाहिलेले लोक आजही भेटतात. त्याचं हसू येतं, पण त्या आवाजामागे एका कुटुंबाचा महिन्याचा हिशेब असायचा.

मिस्त्रीचं गणित

इंजिन बदलणं म्हणजे जुनं उचलून नवं ठेवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखादं गॅरेज एक दिवस बसून पाहावं. माझं लहानपण अशाच एका गॅरेजच्या शेजारी गेलं. तिथल्या उस्तादांना वाचता येत नव्हतं, पण गाडी बघून ते आधी प्रश्न विचारायचे, "वजन किती वाढणार? आणि हे वजन कुठे बसणार?"

या दोन प्रश्नांत सगळं येतं. डिझेल इंजिनचा दाब जास्त, म्हणून त्याचा ब्लॉक जाड आणि वजन जास्त. ते पुढच्या चाकांवर आलं की पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि स्टिअरिंग जड होतं. इंजिन ज्या पायांवर बसतं त्याला आपल्याकडचे मिस्त्री 'फाउंडेशन' म्हणतात. ते नव्यानं बनवून चेसिसला जोडायचं, त्यात रबर घालायचं. रबर नसेल तर डिझेलची थरथर सगळ्या पत्र्यात उतरते आणि वर्षभरात दारं खिळखिळी होतात. इंजिनच्या तळाची तेलाची टाकी पुढच्या आडव्या दांड्याला अडते, म्हणून ती कापून तिचा आकार बदलायचा. रेडिएटर मोठा लावायचा. त्यासाठी कधी समोरची जाळी पुढे घ्यायची, कधी मागचा पडदा ठोकून आत ढकलायचा.

सगळ्यात नाजूक काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याचं. एका कंपनीच्या इंजिनची भोकं दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत. मग मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. उस्ताद आधी पुठ्ठ्यावर इंजिनच्या तोंडाचा छाप घ्यायचे, मग त्याच पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा. दोन्हींचा मध्य एक करून तो पुठ्ठा लेथवाल्याकडे जायचा. मध्य केसाएवढाही सरकून चालत नाही. सरकला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग रडायला लागतं आणि क्लच प्लेट लवकर जाते. त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट कापून किंवा वाढवून पुन्हा तोलायचा.

शेवटी हिशेब मागच्या अ‍ॅक्सलचा. पेट्रोल इंजिन जास्त वेगानं फिरतं, डिझेल हळू फिरतं पण फिरवण्याचा जोर त्याच्याकडे कमी वेगातच असतो. मागचे दात जुनेच ठेवले तर डिझेल गाडी चढ चढते, पण सपाट रस्त्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. उस्तादांना अश्वशक्ती आणि टॉर्क हे शब्द ठाऊक नव्हते. पण घाटातली गाडी आणि शहरातली टॅक्सी यांना वेगवेगळे दात लागतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. इंजिनिअरिंग कॉलेजात जे समीकरणांनी शिकवतात, ते या माणसांनी कानांनी आणि हाताच्या तळव्यांनी शिकून घेतलं होतं.

कारखान्यांनीही तेच केलं

मिस्त्रींच्या या कामाकडे 'जुगाड' म्हणून बघायची आपल्याला सवय आहे. पण त्याच काळात आपले मोठे कारखाने काय करत होते, ते पाहिलं की हा शब्द कमी पडतो.

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. १९५७ च्या सुमारास ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात बनू लागली. सुरुवातीला तिच्यात १४७६ सीसीचं जुन्या धाटणीचं इंजिन होतं. लवकरच ते काढून १४८९ सीसीचं, ५५ अश्वशक्तीचं इंजिन आलं. म्हणजे इंजिनबदल या गाडीच्या अगदी बालपणातच झाला होता. नंतर समोरची जाळी बदलली, दिवे बदलले, मार्क टू, थ्री, फोर अशी नावं आली, पण इंजिन तेच राहिलं. ऐंशीच्या सुमारास डिझेल अ‍ॅम्बेसेडर आली तेव्हा तिची ताकद होती अवघी ३७ अश्वशक्ती. सव्वा टनाच्या आसपासचं धूड आणि वर पाच-सहा माणसं, असा तो मामला होता.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद चाळिशीच्या आत. तरीही ती अ‍ॅम्बेसेडरच्या पुढे निघून जायची, कारण तिचं वजन जवळपास निम्मं होतं. ज्या कंपन्यांना तीस वर्षं गिऱ्हाईक शोधावं लागलं नव्हतं, त्यांना पहिल्यांदाच घाम फुटला.

हिंदुस्थान मोटर्सनं कॉन्टेसा काढली. ही ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची सत्तरच्या दशकातली गाडी. मूळ देशात तिच्यात १.८ आणि २.३ लिटरची इंजिनं होती. आपल्याकडे मात्र या रुंद, देखण्या बॉडीत अ‍ॅम्बेसेडरचं तेच १४८९ सीसीचं इंजिन घातलं गेलं, कारण ते कारखान्यात तयार होतं. हा उलटा इंजिनबदल होता : बॉडी नवी, काळीज जुनं. गाडी दिसायला पहिलवान आणि चढावर धापा टाकणारी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स तिच्यात बसला, तेव्हा कुठे ती तिच्या रूपाला शोभेल अशी पळू लागली.

इथे इतिहासाची एक गंमत आहे. व्हॉक्सहॉल १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची, आणि इसुझूतही १९७१ पासून जनरल मोटर्सचा मोठा हिस्सा होता. म्हणजे शिवडीहून १९५४ साली जी कंपनी निघून गेली, तिच्याच एका नातलगाची बॉडी आणि दुसऱ्या नातलगाचं इंजिन तीस-पस्तीस वर्षांनी उत्तरपाड्याच्या कारखान्यात एकत्र आले.

नव्वदीच्या सुरुवातीला हेच इसुझू घराण्याचं १८१७ सीसीचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन अ‍ॅम्बेसेडरलाही मिळालं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर जाऊन तो खाली आला, पाचवा गिअर मिळाला. पस्तीस वर्षांपूर्वीच्या शरीरात एकदम वीस अश्वशक्तींची भर पडली. मिस्त्री गॅरेजमध्ये जे करत होता तेच हे. फरक एवढाच की इथे प्लेट पुठ्ठ्यावर मापून कापलेली नव्हती आणि आरसी बुकातली जोडी कायदेशीर होती.

मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनंही हीच वाट धरली. १९८५ मध्ये त्यांची ११८ एनई आली. बॉडी फियाट १२४ ची, म्हणजे साठच्या दशकातली रचना. इंजिन निसानचं, ११७१ सीसी. नावातल्या 'एनई'चा अर्थ निसान इंजिन असा लावला जातो. इटलीची बॉडी, जपानचं इंजिन, कुर्ल्याची जोडणी. पुढे पद्मिनीतही इटालियन डिझेल इंजिन घालून १३७ डी काढली गेली.

जीपची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मुहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा शब्द बदलला. तिची जीप मूळची अमेरिकन विलीज, पेट्रोलवर चालणारी. पेट्रोल महागल्यावर सत्तरच्या दशकात तिच्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं गेलं. नंतर फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्यानं नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला बनणारं २११२ सीसीचं, ६२ अश्वशक्तीचं इंजिन आलं. महायुद्धातली अमेरिकन जीप, फ्रेंच इंजिन आणि इगतपुरीचे कामगार! महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वडाप म्हणून माणसांनी ओसंडून धावलेल्या कित्येक जीपांचा वंशवेल हा असा आहे.

जे जुनंच राहिलं

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. इंजिन बदलणं हा गाडी बदलण्याचा सगळ्यात दिसणारा भाग. थांबण्याचा विचार त्या मानानं मागे राहिला.

साधं गणित आहे. गाडीचा वेग ६० वरून ८० झाला की तो सव्वापटीपेक्षा थोडा जास्त झाला, असं आपल्याला वाटतं. पण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ६० च्या तुलनेत ८० ला ती पावणेदोन पटींहून अधिक होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलावी लागते. अ‍ॅम्बेसेडरला ७५ अश्वशक्तीचं इंजिन मिळालं, पण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक यायला पुढची काही वर्षं जावी लागली. मागचे पाटे तेच, स्टिअरिंगची रचना तीच. गॅरेजमध्ये बदललेल्या गाड्यांत तर ब्रेकचा हिशेब मिस्त्रीच्या विवेकावर आणि मालकाच्या खिशावर अवलंबून असे. आमच्या शेजारचे उस्ताद गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचे, "पळवायचे पैसे आणलेत, थांबवायचे पण आणा." सगळेच असं सांगत नव्हते, आणि सगळी गिऱ्हाइकं ऐकतही नव्हती.

१९९१ नंतर आपण अर्थव्यवस्थेबाबतही थोडंफार असंच केलं, असं मला वाटतं. ताकदीचं इंजिन आलं, वेग आला. शाळा, दवाखाने, शहरांचं नियोजन, कामगारांची सुरक्षितता हे ब्रेक, पाटे आणि चेसिस मात्र जुनेच राहिले. वेग वाढला म्हणून आपण खूश झालो. खड्डा आला की आत बसलेल्यांपैकी कुणाचं डोकं छताला आपटतं, ते पुढच्या सीटवरून दिसत नाही.

कागदावर नसलेली माणसं

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. २००० सालच्या दुरुस्तीनं ते अधिक कडक झालं आणि कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करायला मनाई आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ कायम केला. सुरक्षितता आणि प्रदूषणाच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. धूर ओकणाऱ्या डिझेल टॅक्सीत बसून मुंबईत श्वास घेतलेला कुणीही त्याला विरोध करणार नाही. २०१४ च्या मे महिन्यात अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून उतरली. तो काळ गेला, आणि गेला हे बरंच झालं.

पण त्या काळात तयार झालेल्या कौशल्याचं काय झालं? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार कोणत्या व्यवसायांत जास्त संख्येनं आहेत याची नोंद आहे. त्यात वाहनदुरुस्तीचा उल्लेख येतो. अहवालानं ते आकड्यांत सांगितलं. गॅरेजमध्ये ते नात्यात दिसायचं : उस्ताद आणि शागीर्द. दहा-बारा वर्षांचं पोर पाने पुसायला यायचं आणि विशीत इंजिन उतरवायला लागायचं. त्या पोराची शाळा सुटलेली असायची, ही या कौशल्याची किंमत होती. तिचं गौरवीकरण मला करायचं नाही. हे काम एका समाजाची मक्तेदारीही नव्हती. त्याच आळीत शीख, दक्षिणी, मराठी सुतार-लोहार घराण्यातले कारागीरही होते. सगळ्यांची एक गोष्ट मात्र सारखी होती : त्यांच्या कामाचा दाखला कुणाकडेच नव्हता. इंजिन नंबर बदलला की आरसी बुकात नवा नंबर चढायचा, ज्यानं बदलला त्याचं नाव चढत नसे. बऱ्याचदा तर नंबरही चढत नसे.

आज पुन्हा एक मोठा इंजिनबदल दारात आहे. जुन्या गाडीतलं इंजिन काढून विजेची मोटार आणि बॅटरी बसवण्याचे मंजूर संच मिळू लागले आहेत. प्रश्न तेच आहेत : वजन किती वाढणार, ते कुठे बसणार, ब्रेक पुरतील का. या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्या हातांना माहीत आहेत त्यांच्याकडे डिप्लोमा नाही. ज्यांच्याकडे डिप्लोमा आहे त्यातल्या अनेकांनी फाउंडेशन कधी वेल्डिंग केलेलं नाही. या दोघांना एका छताखाली आणणारी शिक्षणाची सोय आपण केली नाही, तर जुन्या मिस्त्रींची एक पूर्ण पिढी आपलं ज्ञान घेऊन कबरस्तानात आणि स्मशानात जाईल. जातेच आहे.

आपल्या गावातल्या, मोहल्ल्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीशी तासभर बोला. कोणत्या गाडीत कोणतं इंजिन बसवलं, प्लेट कशी मापली, काय फसलं, काय जमलं, एवढं लिहून घ्या. तारीख आणि त्यांचं नावही लिहा. राजांच्या बखरी आपल्याकडे भरपूर आहेत, ही एक राहून गेली आहे.